साबणाचा घाट

दिवाळी जवळ आली, की आमच्या घरात सर्वांत आधी येतो तो साबण. आकाशकंदील, नवे कपडे, फराळाचे डबे ही सगळी मंडळी मागाहून. कोजागिरी उलटते न उलटते तोच वाण्याच्या दर्शनी फळीवर मोती साबणाच्या खोक्यांची उतरंड लागते, आणि ती दिसली, की चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसालाही आपण पुन्हा आठ वर्षांचे झालो असे वाटू लागते. १९१७ साली स्थापन झालेल्या टाटा ऑइल मिल्स कंपनीचा हा साबण. १९९३ साली ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. पण असल्या घडामोडींचा नरकचतुर्दशीच्या पहाटेशी काय संबंध? अंगभर तेल-उटणे चोपडून पाटावर बसलेल्या पोराच्या मुठीत न मावणारी ती गोल, गुळगुळीत वडी कालही होती, आजही आहे.

असे असूनही गेल्या वर्षी मी घरात जाहीर केले, की यंदाचा दिवाळीचा साबण मी स्वतः करणार. आणि तोही साधासुधा नव्हे, आरपार दिसणारा, ग्लिसरीनचा!

सौभाग्यवतींनी हातातले ताट खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "अहो, साधा चहा करताना तुमचं दूध उतू जातं."

हे खरे होते. माझ्या अंगी कसलेही कौशल्य आहे असा समज वाचकांनी करून घेऊ नये. भिवंडीतल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल, तर दहावी. पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि खडू हाती घेतला. माझ्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध आहेत. म्हणजे प्रसिद्ध झाल्या आहेत. असा मनुष्य साबणाच्या वाटेला का गेला, हे सांगायचे तर एका मुलाच्या अंगठ्यापासून सुरुवात केली पाहिजे.

सहामाही परीक्षेपूर्वी मी वर्गाला दिवाळीची शुभेच्छापत्रे करायला सांगितली होती. निवडक पत्रे शाळेच्या फलकावर लागणार होती. सातवीतल्या एका मुलाने वऱ्हाळदेवीच्या तलावाचे चित्र काढले होते. पाण्यात उतरलेले संध्याकाळचे आकाश त्याने असे काही रंगवले होते, की मी दोन क्षण त्याच्या बाकापाशी थबकलो. पण आकाशाच्या अगदी मधोमध, ढगाने बसावे तसा, एका काळ्या अंगठ्याचा ठसा बसला होता.

"हात धुऊन ये," मी म्हणालो.

तो गेला, आला. हात तसेच. मी पुन्हा पाठवले. तिसऱ्या खेपेला मात्र माझा आवाज चढला. वर्ग हसू लागला. तो मुलगा मान खाली घालून म्हणाला, "सर, हे जात नाही. लूमचं तेल आहे."

भिवंडीबाहेरच्या वाचकाला या वाक्याचा अर्थ उलगडून सांगायला हवा. आमचे गाव यंत्रमागांचे. अलीकडे नाशिकच्या रस्त्याला गोदामे उठली, कित्येक माग भंगारात गेले. तरीही पद्मानगरात, शांतीनगरात, गल्लीबोळांतून अजून त्यांचा खडखडाट चालूच असतो. परका मनुष्य पहिल्या रात्री त्या आवाजाने झोपत नाही, आणि आम्ही तो थांबला की जागे होतो. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धाव घेतो, काठ्या आदळतात, चाके फिरतात, आणि या सगळ्याला तेल लागते. त्या तेलात लोखंडाची कीस मिसळते, सुताची तूस मिसळते आणि त्यांचा एक काळा चिकट लेप होतो. तो नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांत, तळहाताच्या रेषांत जाऊन बसतो. ज्योतिषाने लूमवरच्या माणसाचा हात पाहायचा ठरवले, तर त्याला भिंगाची गरज नाही. सगळ्या रेषा आधीच शाईने काढलेल्या असतात. हा मुलगा संध्याकाळी वडिलांचा डबा घेऊन जाई आणि तेलाची कुपी हाती धरून तासभर तिथेच रेंगाळे.

मी त्याला 'बस' म्हणालो. पुढचा तास मी काय शिकवले, ते मला आठवत नाही. कारण असेच हात मी घरी पाहिले होते. माझे वडील, नाना, तीस वर्षे लूमवर जॉबर होते.

घरी येताना मनाशी ठरवले, की या पोराला एक उत्तम साबण द्यायचा. आता एखादा शहाणा मनुष्य दुकानात गेला असता. पण मी पडलो चित्रकलेचा मास्तर आणि वर कादंबरीकार. माझ्या डोळ्यांपुढे लगेच मिले या इंग्रज चित्रकाराचे १८८६ सालचे ते प्रसिद्ध चित्र उभे राहिले: साबणाचा फुगा वर उडताना पाहणारा कुरळ्या केसांचा गोरा मुलगा. तो चित्रकाराचा नातूच. पुढे पेअर्स कंपनीने ते चित्र घेतले, त्यात साबणाची वडी रंगवून घेतली आणि त्याची जाहिरात केली. मूळच्या अँड्र्यू पेअर्सने लंडनमध्ये केशकर्तनाचे दुकान थाटले होते आणि १८०७ च्या सुमारास त्याने आरपार दिसणारा साबण बाजारात आणला. आमच्या लहानपणी ही सोनेरी वडी शेजारच्या डॉक्टरांकडे असे. ती उजेडासमोर धरून जग पिवळे करून पाहणे, ही माझी श्रीमंतीची पहिली कल्पना. तेव्हा द्यायचा तर तसाच साबण द्यायचा, आणि तोही आपल्या हातचा!

साबणाचे मूळ सूत्र सोपे आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले, की साबण होतो आणि त्याबरोबर ग्लिसरीन सुटते. हे ग्लिसरीन मोठे गमतीचे. शेले या स्वीडनच्या शास्त्रज्ञाला ते १७७९ साली ऑलिव्हच्या तेलातून मिळाले, तेव्हा त्याने चवीवरून त्याला तेलातले गोड तत्त्व ठरवले. फुटलेल्या ओठांना लावायचे ते हेच, आणि आल्फ्रेड नोबेलच्या सुरुंगाच्या दारूत जाऊन डोंगर फोडायचे तेही यापासूनच.

परंतु साधा साबण पांढरा का आणि हा आरपार का? याचे उत्तर आपल्या देवघरातच आहे. खडीसाखर उजेडासमोर धरा, पलीकडचे दिसते. तीच कुटून पिठी करा, पांढरी फटक. वस्तू तीच, पण बारीक कणांच्या गर्दीत उजेड ठेचकाळतो आणि माघारी फिरतो. साबण थंड होताना त्यातही अशाच बारीक स्फटिकांची गर्दी होते. ती होऊ नये म्हणून स्पिरिट, साखरेचा पाक आणि जास्तीचे ग्लिसरीन घालायचे. शिवाय थोडे एरंडेल. त्यानेही साबणाला नितळपणा येतो.

सामान आणायला गेलो. आमच्या गावात रंगकामाचे कारखाने असल्यामुळे कॉस्टिक सोडा मिळणे अवघड नाही. दुकानदाराने वहीतून डोके वर न काढता विचारले, "किती पोती?"

"चारशे ग्रॅम," मी म्हणालो.

त्याने डोके वर काढले. मग मी स्पिरिट मागितले. तेव्हा मात्र तो काउंटरवरून पुढे वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, त्याला परवाना लागतो. आणि तुम्ही... कधीपासून?" माझ्या मागे नेमके एक पालक उभे होते. साबणासाठी, साबणासाठी, असे मी दोनदा सांगितले. पण मनुष्य दोनदा सांगू लागला, की ऐकणाऱ्याचा संशय पक्का होतो. अखेर आयसोप्रोपिल नावाचा त्या स्पिरिटाचा सोवळा चुलतभाऊ घेऊन मी परतलो. तो पिण्याच्या कामाचा नाही, म्हणून निर्धास्त मिळतो.

पहिला प्रयोग रविवारी सकाळी गच्चीवर झाला. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चिरंजीवांचा पोहण्याचा चष्मा. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचे नाही, एवढे मी पाठ केले होते. कारण तो विरघळताना पाणी आपोआप कढत होते आणि उलट केले तर अंगावर उसळते. पण भांडे कोणते घ्यायचे, हे मात्र पाठ केले नव्हते. मी स्वयंपाकघरातले ॲल्युमिनियमचे पातेले उचलले होते. सोड्याचे पाणी त्यात पडताच ते फसफसू लागले, वाफा निघाल्या, भांडे काळेठिक्कर पडले. चिरंजीव दहावीत. तो लांबूनच ओरडला, "बाबा, मागे व्हा! ॲल्युमिनियमवर कॉस्टिकची क्रिया होते, हायड्रोजन सुटतो. आम्हाला आहे हे!" आम्हालाही असणार. पण माझ्या वहीच्या त्या पानावर बहुधा मी बाईंचे चित्र काढत होतो.

ते पातेले सौभाग्यवतींच्या माहेरचे निघाले. पुढचे दोन दिवस घरात भाषण बंद होते.

दुसऱ्या खेपेस स्टीलचे भांडे आले. पण साबण झाला ताकासारखा. एकतर मी नळाचे पाणी घेतले होते आणि त्यातल्या क्षारांनी गढूळपणा आणला. दुसरे म्हणजे, लाडवात तूप घालताना हात सैल सोडावा तसे मी खोबरेल अंमळ जास्तच घातले होते. साबणाला हे औदार्य चालत नाही. जास्तीचे तेल साबण न होता तसेच राहते आणि धुके धरते. तिसऱ्या खेपेस पाणी बॅटरीत घालायचे आणले, पण साखरेचा पाक करपला आणि चिक्कीच्या रंगाचा, चिक्कीच्याच वासाचा साबण तयार झाला. आईने तो नाकाशी धरला. "मेला खायचा की लावायचा?" ती म्हणाली.

चौथ्या खेपेस मी चिरंजीवांना शरण गेलो. त्याने शाळेतल्या तराजूसारखा नाजूक काटा मिळवला. खोबरेल दोनशे ग्रॅम, एरंडेल दीडशे, स्टिअरिक ॲसिड दीडशे. आणि त्यांना पुरेल इतकाच, म्हणजे पाऊणशे ग्रॅम, कॉस्टिक सोडा, दुप्पट पाण्यात. भांडे कढत पाण्याच्या टोपात ठेवून मिश्रण दोन तास शिजवले, तेव्हा ते व्हॅसलीनसारखे झाले. मग ज्योत नसलेल्या विजेच्या शेगडीवर, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, त्यात स्पिरिट, ग्लिसरीन आणि शेवटी पाक गेला. स्पिरिटाची वाफ पेट घेते, म्हणून त्या दिवशी देवापुढची निरांजनही आईने दुपारनंतर लावली. एक थेंब काचेवर टाकून पाहिला. निवला, तरी नितळच. शाळेतून फिनॉल्फ्थॅलीन आणले होते; थोडा साबण स्पिरिटात विरघळवून त्याचे दोन थेंब टाकले. गुलाबी झाले असते, तर सोडा शिल्लक आहे असा अर्थ, झाले नाही. वाट्यांत ओतलेला साबण सकाळी काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. त्यातून चक्क बातमी वाचता आली! बातमी वाईटच होती, पण मी ती तीनदा वाचली.

दोन आठवडे वड्या फळीवर ठेवल्या. या साबणाचा एक स्वभाव तेव्हा कळला. ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते. परतीचा पाऊस होता. रोज सकाळी वड्यांवर घामाचे थेंब उभे असत. पाहणाऱ्याला वाटावे, की रात्रभर तीच पाळी करून आली आहे.

अखेर एक वडी कागदात गुंडाळून मी त्या मुलाला दिली. कशासाठी ते सांगितले. त्याने ती खिडकीसमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिले. मला धन्य वाटले.

चार दिवसांनी मी त्याचे हात पाहिले. जसेच्या तसे काळे.

"वापरला नाहीस का रे?"

"वापरला सर. वास छान आहे. आई म्हणाली, पाहुण्यांसाठी ठेवू." मग माझा चेहरा पाहून त्याने घाईघाईने भर घातली, "थोडं गेलं सर. वरचं वरचं."

एक पातेले, चार रविवार आणि सगळी अब्रू खर्च करून मी असा साबण केला होता, की ज्यातून बातमी वाचता येत होती, पण हात धुता येत नव्हते. निम्म्या वडीत पाक, ग्लिसरीन आणि पाणीच. तिच्यात लूमच्या तेलाशी झुंजण्याचे बळ कुठून येणार? सुंदर वस्तूंचे पुष्कळदा असे होते. माझ्या कादंबऱ्यांविषयीही एका समीक्षकाने साधारण हेच म्हटले होते.

रात्री जेवताना मी हे सांगितले. आई मुकाट्याने ऐकत होती. मग म्हणाली, "साबणानं कधी लूमचं तेल निघतं का? तेलाला तेल काढतं. नाना काय करायचे, पाहिलं नाहीस तू?"

मी पाहिले नव्हते. नाना पाळी संपवून येत, तेव्हा मी एकतर झोपलेला असे, नाहीतर शाळेत.

आई सांगू लागली. रोजचे ते रॉकेल आणि लाकडाचा भुसा घेत. त्याने हाताची सालटी निघत. पण कुठे लग्नकार्याला जायचे असले, की आधी खोबरेल घेऊन बसत. एकेक बोट, एकेक नख. तेल चोळायचे, फडक्याने पुसायचे, पुन्हा चोळायचे. मग हरभऱ्याचे पीठ. सर्वांत शेवटी साबण. घटकाभर लागे.

"तुझ्या बक्षिसाच्या दिवशीही असेच बसले होते," आई म्हणाली. "सकाळी पाळीवरून आले ते जेवले नाहीत. आधी हात घेऊन बसले."

घास माझ्या हातातच राहिला.

ते वर्ष १९९३. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत मला चांगली श्रेणी मिळाली होती आणि शाळेत बक्षीस समारंभ होता. नाना धुतलेला पांढरा सदरा घालून तयार उभे होते. मी पंधरा-सोळा वर्षांचा. शेजारच्या डॉक्टरांचा मुलगा माझ्याच वर्गात. त्याचे वडील पहिल्या रांगेत बसणार होते. मी नानांना म्हणालो, "तुम्ही नका येऊ. तुमचे हात काळे असतात." त्यांच्या हातांकडे मी त्या वेळी पाहिलेदेखील नव्हते. त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि ते झोपायला गेले. पुढे कधी त्यांनी त्याचा उच्चार केला नाही. मीही केला नाही. १४ वर्षांपूर्वी ते गेले.

"स्वच्छ झाले होते का गं हात?" मी आईला विचारले.

"झाले होते की," आई म्हणाली. "मला दाखवले होते त्यांनी."

त्या रात्री माग चालू असूनही मला झोप आली नाही.

दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शेवटचा दिवस. खोबरेलाची बाटली, हरभऱ्याचे पीठ, जुनी फडकी आणि साबणाच्या उरलेल्या वड्या पिशवीत घालून मी शाळेत गेलो. मधल्या सुटीत त्या मुलाला नळापाशी नेले. त्याच्या हातावर तेल घातले आणि चोळू लागलो. काळे तेल खोबरेलात उतरू लागले. फडके काळे झाले, दुसरे घेतले. मग पीठ, आणि शेवटी साबण. इतक्यात आणखी सहा-सात पोरे हात पुढे करून रांगेत उभी राहिलेली दिसली. माझ्या वर्गात लूमवाल्यांची इतकी मुले आहेत, हे मला ठाऊकच नव्हते! मी त्यांचे कागद पाहत आलो होतो.

आणि तेल चोळता चोळता ध्यानात आले, की हे तर अभ्यंगस्नानच! आधी तेल, मग उटणे, मग साबण. वर्षातून एकदा पहाटे उठून आपण ज्या क्रमाने अंग धुतो, त्याच क्रमाने माझे वडील आपले हात धूत होते. दिवाळीत मी लहानपणापासून ते करत आलो. पण तेल आधी का, हे कधी विचारले नव्हते.

शुभेच्छापत्रे फलकावर लागली. तलावाचे चित्र मी मधोमध लावले, ठशासकट. मुलाने विचारले, "सर, दुसरं काढू का?" मी नको म्हणालो.

शाळा सुटताना फाटकापाशी एक गृहस्थ उभे दिसले. अंगात बनियन, खांद्यावर सुताची तूस. मुलगा धावत जाऊन त्यांना काही सांगू लागला. मी पुढे झालो. "या ना, चित्र पाहायला आत या."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "पाळीवरून तसाच आलो, मास्तर. हात काळे आहेत."

"असू द्या," मी म्हणालो. "असू द्या. या."

ते आले. फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग हळूच एक बोट पुढे करून, कागदाला न लावता, त्यांनी तो काळा ठसा दाखवला आणि मुलाकडे पाहून हसले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने आम्हा सगळ्यांना तेल लावले. माझी साबणाची शेवटची वडी पाटाजवळ ठेवली होती. ती नेहमीप्रमाणे घामेजलेली होती. चिरंजीवांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मोती उचलला. सौभाग्यवतींनी मात्र ती वडी हातात घेतली, समईच्या उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, "छान झालाय हो. पातेल्याच्या मानानं."